बाबांचा साबुदाणा, ताईंची रताळी

शामला आणि मिनल या नणंद-भावजयींचं भांडण साबुदाण्यावरून सुरू झालं असं वैरागड्यांचे नातेवाईक सांगतात, पण ते खरं नाही. भांडण जुनं होतं. साबुदाणा त्यात फार उशिरा आला.

मिनलच्या मुलीच्या, गुंजनच्या बारशाला मिनल पंगतीत आपल्या मावसबहिणीला हळूच म्हणाली होती, की आमच्या ताईंना एक खुर्ची पुरत नाही. शामला तिच्या मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं. जेवली, बाळाच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि नवऱ्याबरोबर, रविंद्रबरोबर, सासरी खाप्याला परत गेली. मिनलला ते नंतर कळलं. तिनं माफी मागायची असं ठरवलं, पण दिवस गेले आणि मग माफी मागणंच विचित्र वाटायला लागलं.

पुढच्या वर्षी शामलाला साखरेचा आजार निघाला. तिनं तो मनावर घेतला. मैदा सोडला, साखर सोडली, पॉलिश केलेला तांदूळ सोडला, उपवासाचा साबुदाणा तर घरातून हद्दपार केला. सकाळी गाजर, मुळा, बीट कच्चं चावून खायचं आणि कन्हान नदीच्या काठानं भरभर चालायचं. वर्षभरात तिचं वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. खाप्यातल्या बायका तिला विचारायला लागल्या. हळूहळू तिच्या ओट्यावर सकाळचा एक गट जमायला लागला आणि शामला मोबाईलवर पाहून-वाचून त्यांना कशात काय आहे ते समजावून सांगायला लागली. ती खोटं काहीच सांगत नव्हती. स्वतःच्या शरीरावर पाहिलेलं सांगत होती, म्हणून तिच्या बोलण्यात जोर होता.

तिचे वडील मनोहरराव नागपुरात मनीषनगरला मुलाकडे, ऋषिकेशकडे राहायचे. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी ते विकलं आणि फ्लॅटच्या बाल्कनीत बसून रस्ता पाहणं हेच त्यांचं काम झालं. वर्षानुवर्षं रक्तदाब अंगावर काढल्यामुळे त्यांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डायलिसिसची वेळ आली नव्हती, पण ती येऊ नये म्हणून जेवणावर कडक बंधनं होती. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ती सांगितली तेव्हा मनोहररावांबरोबर मिनल बसलेली होती. ऋषिकेश बाहेर फोनवर बोलत होता. डाळ मोजून, मीठ कमी, दाणे नाहीत, नारळपाणी नाही, फळांचा रस नाही, बटाटा-रताळं-बीट शक्यतो नाहीच. अंगात ताकद तर राहिली पाहिजे, म्हणून साबुदाणा, तूप, थोडी साखर. मिनलनं ते सगळं डोक्यात पक्कं बसवलं आणि त्या दिवसापासून सासऱ्याचं पथ्य एकटीनं सांभाळलं. कुणी मदत केली नाही याचा तिला राग होता आणि कुणी मदत करायला आलं तर त्याचाही.

महाशिवरात्रीला शामला खाप्याहून आली. रविंद्रच्या वावरात त्या वर्षी रताळी चांगली निघाली होती, त्यातली निवडक ती पिशवीभर घेऊन आली. दुपारी मिनलनं बाबांचं ताट वाढलं. साबुदाण्याची खिचडी होती. त्यात दाण्याचा कूट नव्हता, बटाटा नव्हता, मिरचीचा एक तुकडा आणि जिरे तेवढे होते. वर तूप. बाजूला वाटीत साबुदाण्याची पातळ खीर.

शामलानं ताटाकडे पाहिलं आणि मग वडिलांच्या मनगटांकडे पाहिलं. मनगटं बारीक झाली होती.

तिनं विचारलं, खिचडीत दाणे काहून नाही. मिनल म्हणाली, चालत नाहीत. बटाटा काहून नाही. तोही चालत नाही. मग बाबांना चालतं तरी काय, असं शामलानं विचारलं, आणि मिनलनं हातातला चमचा ताटाकडे रोखला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

शामला तिच्या मागे गेली. तिथे ओट्यावर साबुदाण्याचा डबा उघडाच होता. शामलानं त्यातले चार दाणे उचलून तळहातावर घेतले. नंतर तिनं जे सांगितलं ते ती खाप्याच्या बायकांना नेहमी सांगायची. कंद किसायचा, पिळायचा, त्याचा चोथा फेकायचा, पाणी फेकायचं, खाली बसलेली पांढरी भुकटी घेऊन तिच्या गोळ्या करायच्या, म्हणजे साबुदाणा. त्यात ना प्रथिनं, ना चोथा, ना लोह, ना जीवनसत्त्व. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगाला काही लागत नाही. आणि रताळं म्हणजे जमिनीतून निघालं तसं. चोथा त्यात, जीवनसत्त्वं त्यात, पोटॅशियम त्यात. आजारी माणसाला यातलं काय द्यायचं हे शाळेतली पोरगीही सांगेल.

मिनलनं भांडं घासता घासता विचारलं, की ताई, तुम्ही साबुदाणा कोरडा मोजला की भिजवलेला. शामला थांबली. मिनल म्हणाली, कोरडा साबुदाणा आणि ओलं रताळं शेजारी ठेवून आकडे वाचले तर काहीही सिद्ध होतं, रताळ्यात तर अर्ध्याहून जास्त पाणीच असतं.

"पाण्याचं सोड," शामला म्हणाली. "बाबाले पाहय तू. कसे दिसून राहिले ते? हाडाले कातडी लागली त्यायच्या."

"त्यांची किडनी खराब आहे. रताळ्यातलं पोटॅशियमच त्यांना चालत नाही."

"पोटॅशियम हृदयासाठी चांगलं असते. बीपीसाठी चांगलं असते. मले माझ्या डॉक्टरनं सांगितलं."

"तुमच्यासाठी चांगलं असेल."

"मग बाबासाठी काहून नाही? ते का वेगळ्या मातीचे आहेत?"

इथे मिनलला समजावून सांगता आलं असतं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते, बाबांची टाकू शकत नाही, ते रक्तात साचतं आणि साचलं की हृदय बंद पडू शकतं. एवढं सांगायला फार वेळ लागला नसता. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला ते याच शब्दांत सांगितलं होतं. पण शामलाच्या तळहातावरचे ते साबुदाण्याचे दाणे पाहून तिचं डोकं फिरलं होतं. वर्षभर आपण जे करतो आहोत ते ही बाई एका दुपारी येऊन तळहातावर तोलते आहे.

"तुम्हाला सांगून उपयोग नाही, ताई," ती म्हणाली. "मोबाईलवर शिकलेल्या माणसाला काही सांगता येत नाही."

बाहेर मनोहरराव सगळं ऐकत होते. शामला बाहेर आली आणि तिनं त्यांनाच विचारलं, बाबा, तुम्हीच सांगा, हे जेवण तुमच्या गळ्याखाली उतरते का. त्यांनी खिचडीत चमचा फिरवला. सुनेनं त्यांच्यासाठी काय केलं होतं ते त्यांना माहीत होतं. पण त्यांना त्या पांढऱ्या जेवणाचा वीट आला होता, आणि कुणीतरी विचारलं याचंच त्यांना बरं वाटलं.

"मी जेवत नाही गं," ते म्हणाले. "मी नुसतं गिळून राहिलो."

मिनलनं ते ऐकलं. ती दारात आली. तिचे हात ओले होते. ऋषिकेश सोफ्यावर बसला होता, त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

शामला म्हणाली, बाबांना मी काही दिवस खाप्याला घेऊन जाते. तिला वाटलं होतं मिनल अडवेल. मिनल म्हणाली, न्या. तिनं गोळ्यांचा डबा आणून ठेवला, कोणती कधी ते एकदा सांगितलं, बॅगेत स्वेटर घातला. जेवणाबद्दल तिनं एक शब्दही काढला नाही. दारात शामलानं विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मिनल म्हणाली, मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत कुठे.

खाप्याला मनोहरराव खरोखर खुलले. सकाळी अंगणात खाटेवर ऊन घेत बसायचे. शामला त्यांच्यासाठी बीट आणि गाजराचा रस काढायची, मधल्या वेळी शहाळ्याचं पाणी, दुपारी कच्चं रताळं किसून त्यावर लिंबू पिळून द्यायची. साबुदाण्यानं त्यांचं पोट कित्येक महिने धड साफ होत नव्हतं, ते होऊ लागलं. तोंडाला चव आली. रविंद्र त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून वावरात घेऊन गेला, तेव्हा त्यांनी मातीतून काढलेलं रताळं तिथंच धोतराला पुसून खाल्लं आणि लहानपणी खाल्लं होतं तसंच लागते म्हणाले. गटातल्या बायका त्यांना पाहायला यायच्या. शामला सांगायची, साबुदाण्यावर ठेवलं होतं माझ्या बापाले, आता पाहा.

ती रोज सकाळी घराच्या ग्रुपवर फोटो टाकायची. रसाचा ग्लास हातात धरलेले बाबा. किसलेल्या रताळ्याची वाटी घेऊन हसणारे बाबा. खाली लिहायची, बाबांचा रंग बघा. चुलतभाऊ अंगठे टाकायचे, मावशी लिहायची, लेक ती लेकच.

मिनल ते फोटो ऑफिसमध्ये पाहायची. पहिला फोटो तिनं बोटांनी मोठा करून पाहिला. ग्लासातला रंग बीटाचा होता, शंकाच नव्हती. तिनं शामलाचा नंबर काढला आणि मावशीचं वाक्य पुन्हा वाचलं. नंबर तसाच राहिला. रात्री जेवताना ऋषिकेशनं विचारलं, बाबांना ते चालतं का गं. मिनल म्हणाली, तुझ्या बहिणीला विचार. त्यानं विचारलं नाही. बहिणीशी बोललं की तिचं ऐकावं लागायचं, बायकोशी बोललं की तिचं, आणि त्याला दोन्ही नको होतं.

दुसऱ्या दिवशी नारळपाण्याचा फोटो आला. मिनलनं मनाशी ठरवलं, की उद्या फोन करायचा. उद्या आला आणि बाबा फोटोत इतके मजेत दिसत होते की तिला वाटलं, कदाचित आपणच जास्त घाबरलो असू. हा विचार तिनं फार तपासला नाही. त्याच्या खाली आणखी एक विचार होता, तोही तिनं तपासला नाही: बाबांना थोडा त्रास व्हावा, थोडाच, म्हणजे सगळ्यांना कळेल.

खाप्याला मनोहररावांना आधी पाय जड वाटायला लागले. जिना नव्हता, तरी ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना हात धरावा लागायचा. ओठांभोवती मुंग्या यायच्या. मग छातीत मध्येच काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं, ठोका गाळल्यासारखं. त्यांनी शामलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत मनीषनगर, परत पांढरं ताट, आणि लेकीची मान खाली. ते म्हणायचे, थकवा आहे, वय झालं.

एका सकाळी ते खाटेवरून उठले आणि पाय तिथेच राहिल्यासारखे खाली बसले. उठवलं तर उभं राहता येईना. चेहरा राखेसारखा झाला होता. रविंद्रनं शेजारच्याची गाडी काढली. सावनेरमार्गे नागपूर येईपर्यंत शामला मागच्या सीटवर वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यांना बोलतं ठेवत होती. गाडीतूनच तिनं ऋषिकेशला फोन केला.

दवाखान्यात त्यांना सरळ आत नेलं. छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, इंजेक्शनं सुरू झाली. ऋषिकेश आणि मिनल पोहोचले तेव्हा डॉक्टर बाई शामलाला विचारत होत्या, की पेशंटनं गेल्या काही दिवसांत काय खाल्लं. शामला सांगत होती. बीट, गाजर, रताळं, मुळ्याची पानं, शहाळं. सुरुवातीला तिचा आवाज नेहमीचा होता, सकाळच्या गटात असायचा तसा. डॉक्टर बाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं तेव्हा तो बारीक झाला.

डॉक्टर बाईंनी ओरडून बोलणं टाळलं. त्यांनी सांगितलं, की रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं आहे की हृदयाचे ठोके बिघडले आहेत, इंजेक्शननं थोडं सावरलं आहे, पण डायलिसिस करावं लागेल, आत्ताच. शामला म्हणाली, मी तर सगळं ताजं, नैसर्गिक दिलं, बाहेरचं काहीच दिलं नाही.

"रताळं चांगलंच आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "तुम्ही खा, मी पण खाते. त्यात जे चांगलं आहे ना, तेच यांची किडनी बाहेर टाकू शकत नाही. साबुदाण्यात काही नसतं, म्हणून तर तो दिला होता. ताकद मिळते आणि किडनीवर ओझं पडत नाही. हे घरी कुणाला सांगितलं होतं की नाही?"

"मला सांगितलं होतं," मिनल म्हणाली.

डॉक्टर बाई आत गेल्या. दार बंद झालं. कॉरिडॉरमध्ये चौघं उरले. मिनलनं या क्षणाची इतके दिवस वाट पाहिली होती. शामलाचा चेहरा उतरलेला तिला पाहायचा होता, तो समोर होता. तिला थांबता आलं असतं, पण ती थांबली नाही.

"मारून टाकलं असतं तुम्ही त्यांना," ती म्हणाली. "कौतुक करून करून."

रविंद्र पुढे आला, म्हणाला, आता हे राहू द्या. शामलानं त्याला हातानं बाजूला केलं. ती रडत नव्हती. तिनं मिनलकडे पाहिलं, आणि मिनलला पहिल्यांदाच जाणवलं की ही बाई आपल्यापेक्षा वयानं बरीच मोठी आहे.

"मी अडाणी आहे, हे तुले पहिल्यापासून माहीत आहे," शामला म्हणाली. "मी मोबाईलवर शिकली. मले किडनीतलं समजत नाही. पण तुले तर समजत होतं. फोटो रोज टाकून राहिली होती मी. ग्लासात बीट आहे हे तुले दिसून राहिलं होतं. शहाळं दिसून राहिलं होतं. एक फोन काहून नाही केला वं?"

मिनल म्हणाली, महाशिवरात्रीला सांगितलं होतं.

"तवा तू मले सांगितलं नाही. मले टोमणा मारला. त्यात हृदय बंद पडते हे सांगितलं असतं, तर मी बापाले बीट पाजलं असतं का?"

मिनलनं उत्तर शोधलं. उत्तरं होती. पण प्रत्येक उत्तराच्या तळाशी तिला तो न तपासलेला विचार दिसत होता, थोडा त्रास व्हावा हा. ती भिंतीजवळच्या बाकावर बसली. ऋषिकेश तिच्या शेजारी बसायला आला, तेव्हा शामला त्यालाही म्हणाली, की तूही ग्रुपवर होतास, आणि तो उभाच राहिला.

मनोहरराव वाचले. एक डायलिसिस झालं, मग आणखी एक, आणि त्यानंतर किडन्या पूर्वी जितक्या चालत होत्या तितक्या, किंवा त्याहून थोड्या कमी, चालू लागल्या. डॉक्टर म्हणाल्या, कायमचं डायलिसिस लांबलं आहे, पण फार लांबलेलं नाही. त्यांना मनीषनगरला आणलं. नातेवाईक भेटायला आले आणि प्रत्येकानं दोघींपैकी एक बाजू घेतली. मावशीनं शामलाची घेतली. ऋषिकेशच्या सासरच्यांनी अर्थातच मिनलची. चुलतभाऊ ज्याच्या घरी बसायचे त्याची घ्यायचे.

एका संध्याकाळी मिनल वाटीत साबुदाण्याची खीर घेऊन बाबांच्या खोलीत गेली. बाबांनी वाटी घेतली. ती जायला वळली तेव्हा ते म्हणाले, बस. ती बसली. त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

मग त्यांनी सांगितलं, की आहारतज्ज्ञ बाई बोलत होत्या तेव्हा खुर्चीत तेही होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, समजलंही होतं. खाप्याला रसाचा पहिला ग्लास तोंडाला लावला तेव्हा त्यांना माहीत होतं की हे आपल्याला चालत नाही.

मिनलनं विचारलं, मग ताईंना का नाही सांगितलं.

"शामलाले सांगितलं असतं तर तिनं दिलं नसतं," ते म्हणाले. "मले खायचं होतं. तुमच्या दोघींच्या भांडणात माझं जेवण तुमचं झालं होतं, बेटा. मले वाटलं, हे एक तरी माझ्या मनानं करू."

मिनलला बाबांचा राग आला, आणि तो राग कुणाजवळ सांगण्यासारखा नव्हता. ज्या गोष्टीसाठी शामलानं तिला भर दवाखान्यात उघडं पाडलं, ती गोष्ट या माणसाला आधीपासून माहीत होती, आणि कॉरिडॉरमधलं भांडण त्यांच्या कानावर घातलं गेलं तरी ते गप्प राहिले होते. तिनं विचारलं, हे ताईंना तुम्ही सांगणार का. मनोहरराव म्हणाले, सांगीन. मग थोड्या वेळानं म्हणाले, तू सांगितलं तरी चालते.

मिनलनं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तिचा आणि शामलाचा, दोघींचाही भार थोडा हलका झाला असता, हे तिला कळत होतं. पण आपल्या तोंडून शामलाचा भार हलका व्हावा एवढी तिची तयारी नव्हती. मनोहररावांनीच काही दिवसांनी लेकीला फोनवर सांगितलं. शामलानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग तिनं आपल्या सकाळच्या गटातल्या बायकांना सांगितलं, की मी रताळ्याबद्दल जे सांगत होती ते ज्याची किडनी चांगली आहे त्याच्यासाठी खरं आहे, आधी रक्त तपासून या. दोन बायकांनी येणं बंद केलं. शामलानं गट मोडला नाही.

उन्हाळा लागला तेव्हा ती मनीषनगरला आली. येण्याआधी ती एकटीच दवाखान्यात जाऊन आहारतज्ज्ञ बाईंना भेटून आली होती, हे मिनलला नंतर कळलं. तिनं आल्या आल्या पदर खोचला, पिशवीतून एकच लहान रताळं काढलं आणि मिनलला विचारलं, पातेलं कुठे आहे. मिनलनं हात आडवा धरला. ती म्हणाली, ताई, पुन्हा नाही. शामला म्हणाली, विचारून आली आहे, तू पण विचार.

मिनलनं खरंच फोन लावला, शामलासमोर, आणि बाईंनी पलीकडून सांगितलं ते स्पीकरवर दोघींनी ऐकलं. साल काढायचं, पातळ काप करायचे, भरपूर कोमट पाण्यात बराच वेळ भिजवायचे, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडायचं, तेही पाणी फेकायचं. त्यानं पोटॅशियम सगळं जात नाही, बरंच कमी होतं. रिपोर्ट चांगला असेल तर कधीतरी दोन-तीन काप. रोज नाही. आणि कच्चं तर कधीच नाही.

फोन बंद झाल्यावर दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. शामलानं काप केले. मिनलनं पाणी तापवलं. भिजत घातलेलं पाणी किंचित गढूळ झालं, ते मिनलनं मोरीत ओतलं. शामला पाहत होती. ती म्हणाली, जे काढून टाकल्याबद्दल मी साबुदाण्याले नावं ठेवत होती, तेच आता रताळ्यातून काढून राहिलो आपण. हे ती मिनलशी बोलत होती की स्वतःशी, ते कळलं नाही. मिनलनं पातेल्यात नवं पाणी ओतलं.

बाबांना तीन काप मिळाले. त्यांनी पहिला तोंडात टाकला, चावला, दोघींकडे पाहिलं. तिन्ही काप खाल्ले.

निघताना शामला दारात चपला घालत होती. मिनल तिला दारापर्यंत सोडायला आली, ते गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, पण त्यात आपुलकी होती असं म्हणता येणार नाही. दार लावायला कुणीतरी यावंच लागतं.

"बारशाचं माझ्या लक्षात आहे," शामला खाली वाकूनच म्हणाली. "ते जाणार नाही मनातून. आणि फोटोचं तर नाहीच."

"मला दवाखान्यातलं विसरता येणार नाही," मिनल म्हणाली. बारशाबद्दल तिनं त्याच वेळी माफी मागायला हवी होती, हेही तिच्या मनात आलं, पण तोंडातून निघालं नाही.

शामला सरळ उभी राहिली. "सोमवारी बाबाचं रक्त तपासायचं आहे ना? मी दवाखान्यातच येईन. तू ऑफिसले जा."

"रिपोर्ट आला की मला कळवा."

"कळवीन," शामला म्हणाली. "आकडा समजला नाही तर विचारीन. नीट सांगजो मग."

मिनल म्हणाली, सांगेन. शामला लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं उतरली.